टचपॅड सापडेना

१ ऑक्टोबर, बुधवार
आजपासून लिनक्स. बायकोच्या, सौदामिनीच्या, लॅपटॉपवरच्या जुन्या विंडोजची मुदत या महिन्यात संपतेय, घरात कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. ती म्हणाली, हात लावू नका, त्यात सगुणाबाईंची रेकॉर्डिंगं आहेत.

सगुणाबाई पासलीच्या, वय चौऱ्याऐंशी. भाताच्या एकेचाळीस जुन्या जाती, कुठल्या मडक्यात कुठलं बी, ते कुठल्या खाचरात टाकायचं, हे आता त्यांना एकट्यांनाच ठाऊक. मडक्यांवर काही लिहिलेलं नाही. सौदामिनीने दोन वर्षं भोरहून एसट्या बदलत जाऊन त्यांना अकरा तास बोलतं केलंय. दुसरी प्रत नाही. मी म्हणालो, विंडोजला धक्का लागणार नाही, लिनक्स शेजारी बसवतो. तिने नुसतं पाहिलं.

संध्याकाळी पाचला बसवून झालं, तेही नुसते तीन व्हिडिओ पाहून. टचपॅड लोण्यासारखा.

२ ऑक्टोबर, दसरा
लॅपटॉपची पूजा. सौदामिनीचं म्हणणं, झाकणाच्या कोपऱ्याला चिमूटभर कोरडं कुंकू पुरे. कोपऱ्यात कसली पूजा? बोट फिरवायची ती गुळगुळीत चौकट जणू स्वस्तिकासाठीच केलेली आहे. हळद-कुंकू चांगलं पातळ कालवलं. अक्षता, झेंडू, आपट्याचं पान. फुलाने तीनदा पाणी शिंपडलं. प्रसन्न वाटलं.

दुपारी ४. स्क्रीनवरचा बाण हलत नाही.
४.१०. लगेच ओळखलं. सॉफ्टवेअरमधला दोष: ड्रायव्हर.

३ ऑक्टोबर
सगुणाबाईंच्या मुलाचा, गेनूचा, सकाळी फोन. म्हणाला, आयला बरं न्हाई, बोलनं लई मंदावलंय, बाईंना बोलावतीया. सौदामिनी पासलीला गेली. जाताना पुन्हा म्हणाली, हात लावू नका.

कीबोर्डवरून कमांड दिली, जोडलेल्या वस्तूंची यादी मागितली. कॅमेरा आहे. स्पीकर आहे. टचपॅड नाही. समोर ढळढळीत दिसतोय आणि यंत्र म्हणतं, असं काही नाहीच. अंगावर काटा आला.

निश्चय: माउस विकत घ्यायचा नाही. माउस म्हणजे शरणागती.

५ ऑक्टोबर
एकोणीस वेळा रीस्टार्ट. नसरापूरला अमृतच्या रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. त्याने टचपॅडच्या कडेला नख फिरवलं, लाल झालेलं बोट मला दाखवलं. म्हणाला, साहेब, आत पानी गेलंय, खोलून पुसायला लागंल, दुसरं काय करू नका. हार्डवेअरवाल्यांना सगळीकडे हार्डवेअरच दिसतं. लॅपटॉप पिशवीत घालून परत आलो.

७ ऑक्टोबर
लिनक्सच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला होता. कुणीतरी विचारलं, विंडोजमध्ये चालतो का? मुद्दाम विंडोज सुरू करून पाहिलं. तिथेही नाही! म्हणजे लिनक्सचा बिघाड विंडोजलाही लागला. प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा गंभीर आहे.

निर्णय: संपूर्ण डिस्क पुसायची, कोरी करकरीत सुरुवात. आधी बॅकअप, मी काही वेडा नाही. विंडोजमध्ये असतानाच डेस्कटॉपवरची रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर घेतली. एकेचाळीस, मोजून. अकरा तासांचं बोलणं दोन सेकंदांत उतरलं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण आहे, बहुधा क्वालिटीची खूण.

९ ऑक्टोबर
सकाळी १०. यंत्राने विचारलं, सगळं पुसू का, परत मिळणार नाही. एंटर. पुन्हा विचारलं. असली भित्री यंत्रं! एंटर.

१२.३०. नवं लिनक्स. टचपॅड नाही.

बाहेर ऊन होतं. घर फार शांत वाटलं. उगीचच रेडिओ लावला.

१० ऑक्टोबर
सौदामिनीचा फोन. सगुणाबाईंना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला, भोरच्या दवाखान्यात आणलंय. जीव वाचला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईलसं वाटत नाही. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, बरं झालं आपण वेळेत बोलून घेतलं, तेवढं तरी आहे. मी म्हणालो, सुरक्षित आहे.

११ ऑक्टोबर
पेनड्राइव्ह लावला. पहिली फाईल उघडत नाही. दुसरी नाही. लिनक्सला फॉरमॅट कळत नसेल. एकेचाळीसही दाबून पाहिल्या.

पुण्याच्या पुतण्याला, अद्वयला, फोन केला. त्याने विचारलं, काका, सगळ्या मिळून साइज किती? वाचून दाखवली. त्याने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला, काका, ही नुसती शॉर्टकटची चिन्हं आहेत, मूळ आवाज डिस्कवरच होता. मी म्हटलं, नेटवर्क जातंय, नंतर बोलू.

१३ ऑक्टोबर
अमृतने लॅपटॉप खोलला. आत लालभडक राप आणि तांदळाचा एक दाणा. पुसलं, वाळवलं, बसवलं. वीस मिनिटं. टचपॅड चालू. पुसलेली डिस्क परत मिळते का, असं सहज विचारलं. त्याने मान हलवली, म्हणाला, वर नवीन भरलंय ना, आता न्हाई.

निश्चय: आज सौदामिनीला सांगायचं. आज ती दवाखान्यात दमली असेल. उद्या.

१४ ऑक्टोबर
सौदामिनी गेनूला घेऊन घरी आली. पायरीवर त्याने चपला काढल्या, लॅपटॉपसमोर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, आय खाटेवरनं हातानं मडक्याचा आकार दावती, आमाला काय बी उमगत न्हाई. बियाचं मागनं बगू, आदी तिचा आवाज ऐकवा, आज चार दिस झालं.

मी लॅपटॉप उघडला. कोऱ्या स्क्रीनवर बाण सुरेख फिरतोय. वर नेला, खाली नेला.

सौदामिनी आधी स्क्रीनकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहायला लागली. तिला कळलं. गेनूसाठी चहा टाकायला आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

गेनूला वाटलं, मी शोधतोय. म्हणाला, सायेब, सावकास बगा, आमाला घाई न्हाई.

पाऊण तास झाला. तो बसलाय.