जाळ्याच्या शेवटच्या ओळीतल्या गाठी

बाबा, तुम्हाला जे औषध दिलं होतं तेच काल मी काचबशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर टाकलं. एका पेशीच्या दोन होताना तिच्या आत बारीक धागे तयार होतात आणि दोन्ही बाजूंना ओढतात. हे औषध ते धागे बनूच देत नाही. आज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी गोल होऊन अर्ध्यावर थांबलेल्या. मागच्या आठवड्यात औषध धुऊन टाकलेल्या बशीत मात्र काही पेशी पुन्हा वाढू लागल्या आहेत.

अजून डोळ्यांसमोर आहे: नागपूरच्या वॉर्डात तुम्ही खाटेवर बसून जाळं विणताय. मुलचेऱ्याकडच्या आपल्या तलावासाठीचं, अर्धं झालेलं, पिशवीत घालून आणलेलं. औषध सदाफुलीपासून काढतात असं मी सांगते, तर तुम्ही शेजारच्या खाटेकडे वळता. "आयका भाऊ, सदाफुली तं माह्या कुंपनाले हाये. आन हे पोट्टी मले यष्टीनं इथी घेऊन आली!" तो हसतो. मग मानेतल्या गाठींवर हात ठेवून तुम्ही मला हळूच विचारता, "पन त्याले कसं समजते बाई, कोनती गाठ मोडाची?"

"समजते," मी म्हणाले. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्याला समजत नाही, हे मला ठाऊक होतं. तसेच धागे बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांमध्येही असतात.

तिसऱ्या इंजेक्शननंतर मानेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या. त्याच आठवड्यात तुम्ही जाळं बाजूला ठेवलंत. "हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. गाठ बसली का नाई, समजतच नाई मले." मी म्हणाले, "जाईल ते. डॉक्टरांना सांगू नका, औषध कमी करतील." तुम्ही सांगितलं नाहीत. दिवाळीनंतर गाठी परत आल्या. तोवर तुम्ही तलावाच्या पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी बघत होतात, आणि तुमच्या सदऱ्याची बटणं आई लावत होती.

ते जाळं माझ्या ट्रंकेत आहे. शेवटच्या ओळीतल्या गाठी ढिल्या आहेत, बोट लावलं की सरकतात. हा कागद मी प्रयोगाच्या वहीत घडी घालून ठेवते आहे. त्या गाठी मी वॉर्डातच पाहिल्या होत्या, तुम्ही मुंग्यांचं बोलायच्या दोन दिवस आधी.