थोडी बोलते, बाकी गुणाची

३ फेब्रुवारी

गुरगुरते. गाडी. उभी असली तरी गुरगुरते. औषधाच्या दुकानात मी काउंटरला असते, तिथल्या मालकांचीच ही जुनी गाडी, स्वस्तात दिली. देताना म्हणाले होते, "थोडी बोलते, बाकी गुणाची आहे." थोडी! आज सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने वाकून माझ्या चाकांकडे पाहिलं. मी सरळ समोर बघत राहिले, जणू आवाज त्याच्याच स्कूटरचा.

हे शेजारच्या सीटवर होते, मान जरा कलती करून.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील. ह्यांनी आयुष्यभर बस चालवली, कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करायची. मग डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. आता उजेड कळतो, कोणी आलं-गेलं कळतं, चेहरा कळत नाही. माझासुद्धा. बस सुटली त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. जेवायचं का — हो. फिरून यायचं का — नको.

दवाखान्याला जायला कोणाच्या तोंडाकडे बघायला नको, म्हणून मी या वयात गाडी शिकले. चुकलं की काय, असं वाटतं कधीकधी. ज्या माणसाने बसचं एवढं धूड एका हाताने वळवलं, त्याला शेजारी बसवून मी चौकात गाडी बंद पाडते. एकदाही टोकत नाहीत. टोकलं असतं तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, किती दिवस असं रेटणार? या ना दोघं इकडेच. खालची खोली रिकामीच आहे." चार तासांवर तिचं गाव. मी म्हटलं, बघू. ह्यांना विचारलं तर, "तू म्हणशील तसं."

हे काय उत्तर झालं?

१२ फेब्रुवारी

दवाखान्यातून येताना तिसऱ्या गिअरला आवाज चढला. लांबलचक, रडका. मी घाबरून गाडी कडेला घेतली. आणि हे बोलले —

"न्यूट्रल कर. आता क्लच सोड. गुरगुरतंय?"

"हो."

"दाब. पूर्ण दाब."

दाबला. आवाज बंद.

"सोड."

पुन्हा गुरगुर.

"बेअरिंग गेलंय," म्हणाले. "इंजिनचं फिरणं गिअरबॉक्समध्ये जिथून शिरतं ना, तिथलं. क्लच दाबलास की ते फिरायचं थांबतं, म्हणून आवाज थांबतो. ऑईल बघून घेऊ. आणि तू तिसऱ्यात फार रेंगाळतेस. जीव नकोसा होतो तिला."

इतकी वाक्यं एका दमात! मागून हॉर्न वाजत होते. वाजू दे म्हटलं.

१६ फेब्रुवारी

गॅरेज. ऑईल काढलं, काळंकुट्ट आणि त्यात चमचम. गॅरेजवाल्याने बोटावर घेऊन ह्यांच्यापुढे धरलं, मग लक्षात येऊन ओशाळला आणि ते बोट ह्यांच्या बोटाला टेकवलं. ह्यांनी अंगठ्याने चोळून पाहिलं. "कीस पडलाय धातूचा. उतरवावा लागेल गिअरबॉक्स."

"काका, जुनी गाडी आहे. नवीन ऑईल घालून देतो, ओढेल काही महिने. तेवढ्यात विकून मोकळे व्हा."

दोघेही माझ्या उत्तराची वाट बघत थांबले. मी म्हटलं, उतरवा.

बाहेर आल्यावर हे म्हणतात, "लेकीकडे गेल्यावर गाडी लागणारच नाही. कशाला हा उपद्व्याप?"

"जायचं असं कोण म्हणालं?"

"मी. काल तू दुकानात होतीस तेव्हा तिला हो म्हणून टाकलं."

माझा राग असा उसळला, की त्यांचा हात माझ्या हातात आहे हेही मी विसरले. तरातरा निघाले. ते फुटपाथच्या कडेला अडखळले, पडता पडता वाचले. मग मात्र दोघंही हळू चाललो.

घरी आल्यावर विचारलं, "मला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही?"

"तुझी सुटका व्हावी म्हणून केलं."

सुटका. मी अडकले होते कुठे, ते तरी सांगायचं.

१८ फेब्रुवारी

अबोला. तोही दोन्हीकडून.

२१ फेब्रुवारी

गाडी आली. आवाज म्हणून नाही. गिअर लोण्यात सुरी शिरावी तसे पडतात. मला इतकं बरं वाटलं, की राग बाजूला ठेवून म्हटलं, "चला, चक्कर मारू."

अर्ध्या वाटेत बघते तर ह्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलेलं. कपाळावर घाम. "थांबव," म्हणाले. थांबवली.

मग म्हणाले, "आवाज होता तेव्हा सगळं कळायचं. तू कितव्या गिअरला आहेस, चढ लागलाय, वळण येतंय. आता गाडी चाललीय की उभी, तेही कळत नाही."

म्हणजे इतके दिवस हे माझ्याबरोबर गाडी चालवत होते. गप्प बसून. आणि मला वाटायचं, माझ्या शेजारी बसणं ह्यांना सोसवत नाही.

"मग विचारायचं ना मला."

"किती विचारू? समोर कोण आहे, ताटात काय आहे, चप्पल कुठे आहे. दिवसभर तेच."

गाडी सुरू केली आणि मोठ्याने सांगत सुटले. पहिला टाकला. दुसरा. पुढे ट्रक आहे, ढिम्म हलत नाही. शाळा सुटलीय, हळू घेते. आता डावीकडे.

"कंडक्टरसारखी ओरडू नकोस," म्हणाले. आणि हसले. खरंच हसले.

२४ फेब्रुवारी

आता सवयच लागली आहे. घरातसुद्धा बोलत असते — दूध उतू चाललंय, शेजारीण नवीन पडदे लावतेय, रंग अगदीच भयानक. विचारायच्या आधीच सांगून टाकायचं.

आज पुलाअलीकडे हे एकदम म्हणाले, "उजवीकडून घे, खड्डा आहे."

"बुजवला तो."

"कधी?"

"झालं की वर्ष."

जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरं झालं. फार हाडं खिळखिळी केली त्याने."

लेकीचा विषय मी काढलेला नाही. काढणारही नाही. हो त्यांनी म्हटलंय, त्यांनीच काय ते बघावं.

२६ फेब्रुवारी

लेकीचा फोन वाजला. आज माझ्याआधी ह्यांनी चाचपडत उचलला.

"येतोय आम्ही रविवारी. सामान? सामान कशाला? जेवून परत येणार... नाही गं, बसने नाही. तुझी आई आणतेय मला."

मी हमरस्त्यावर अजून एकदाही गाडी घातलेली नाही. ह्यांना ते पक्कं माहीत आहे.