लाल फिल्टर

प्रिय जहीर,

पुण्याच्या प्रदर्शनासाठी तू मनकर्णाबाईंच्या कृष्णधवल फोटोचे जे तीन नमुने पाठवलेस, ते पोहोचले. दोन दिवस टेबलावर पसरून बसलो होतो. चकचकीत कागदावरचा लगेच बाद केला. ट्यूबलाइटखाली फोटोऐवजी माझंच तोंड दिसतं. दुसरा हिरवट मारतो. तुझा म्हातारा प्रिंटर सगळे रंग कालवून काळा करतो, त्याला तो तरी काय करणार! तिसरा मात्र खरा. भाड्याचा प्रिंटर, तीन वेगवेगळ्या काळ्या शाया आणि सुती कागद. आभाळ असं दाटलंय की बघतच राहावं. आणि कागद कापसाचा, तोही परदेशातून आलेला! एके काळी एवढ्या एका गोष्टीवर मी अकोटच्या बाजारात सभा पेटवली असती. आता वाक्य सुचतं आणि मी चहा ठेवायला उठतो. घसा शाबूत आहे रे, उभंच राहवत नाही.

इथे अमरावतीच्या दवाखान्यात नत्थुजींची श्वासाची नळी अजून निघालेली नाही. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत विषारी औषधाची फवारणी करता करता माणूस कोसळला, तो अजून डोळे उघडत नाही. मनकर्णाबाई नवऱ्याला सोडून पायरीवरून हलत नाहीत. परवा मी डॉक्टरांवर आवाज चढवला, तर मलाच म्हणाल्या, "भाऊ, इथं भाषन नोका देऊ, आधीच ऑक्सिजन कमी हाये." त्या अवस्थेतही आम्ही दोघं हसलो.

काल तिसरा नमुना त्यांना दाखवायला नेला. वाटलं, खूश होतील. त्यांनी तो उजेडाकडे धरला. पदरानं पुसला. पुन्हा पुसला. मग फोटोतल्या कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "माहा मानूस आत श्वास घेऊन राहिला, भाऊ. तुमी माहं कुंकू कावून पुसलं?"

मी नमुना परत पिशवीत घातला.

रंगीत फोटो काळा-पांढरा करताना कॉम्प्युटरवर लाल फिल्टर लावायचं आपण दोघांनीच ठरवलं होतं. आभाळ गडद होईल, चेहरा उजळेल. झालंही तसंच. लाल तेवढं पांढरं पडलं. त्यांच्या मागच्या झाडावरची संत्री पेरूसारखी दिसतात आणि कपाळ कोरं. दोन दिवस तो फोटो माझ्यासमोर होता, पण ते कोरं कपाळ मला खटकलं नाही. उलट प्रदर्शनाला शोभेल असंच वाटलं.

म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तू कागदाचं काढलं असतंस आणि मी ओरडलो असतो. तो फोटो प्रदर्शनातून काढ. मूळ रंगीत फोटो तुझ्या कॉम्प्युटरवर असेलच. त्यावरून फिल्टर न लावता पुन्हा छाप. कुंकू काळं उमटू दे, आभाळ फिकं पडलं तरी पडू दे. प्रिंटर, शाई, कागद, हाताशी असेल ते चालेल. चिठ्ठी तुझ्या अकोल्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. आज रात्रीच छाप आणि पहाटेच्या गाडीनं स्वतः घेऊन ये. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. कुंकवाचा फोटो खरा आहे तोवर त्यांच्या हातात पडायला हवा.

तुझाच,
देवमन