दुपारची नीरा

नथूदादा,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या थोरल्याच्या हळदीत, भर दुपारी, तू माझ्या नवऱ्याच्या हातात पेला दिलास. म्हणालास, "घ्या पावणे, नीरा हाय, पोरंटोरं पितात. आता तुमी बरे झालात." पहाटे उतरवलेली नीरा उन्हं चढली की ताडी होते, हे ताडावर चढणाऱ्याला मी सांगायचं?

यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. त्यावर तू सगळ्यांदेखत हसलास. तेव्हापासून हे तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर जाताना ताडांची वाट सोडून रेतीच्या ट्रकांमागे धूळ खात जातात. दारू सोडून तीन वर्षं झाली, तरी. संध्याकाळी घरी आले की मी न मागता तोंडाचा वास देतात.

बरे झाले म्हणे. तू ताडाच्या फुलोऱ्याची पोय रोज नव्याने छिलतोस, नाहीतर रस आटतो. एकदा छिलून तुझं भागतं का? मग यांचं एकदा सोडून कसं भागेल?

हे पत्र टाकत नाही. तुला वाचता येत नाही, दुसरा कुणीतरी वाचेल आणि गावभर करेल. उद्या पहाटे मीच येते आणि हे तोंडाने सांगते. ताडावरून उतरलास की एक पेला भरून ओट्यावर ठेव. दुपारपर्यंत आपण दोघं त्याच्यासमोर बसू. मग तुझ्या धाकट्या लेकीला हाक मार, आणि तो पेला तिच्या हातात दे.

अजून तुझी बहीणच,
यमू