तळ्याकाठी दोन रात्री

४ जून, सकाळी ७
लेकीला नोकरी लागली, लांबच्या शहरात. पुढच्या महिन्यात जाणार. काल जेवताना म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण तिघं त्या डोंगरावरच्या तळ्याकाठी तंबू टाकून दोन रात्री राहू या. मी तिथल्या तिथे नेतृत्व स्वीकारलं. नकाशा विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस घरात असताना दुसरं कोण? तळं बरंच उंचावर, झाडं खुरटी होत होत संपतात तिथे. नकाशावर जेमतेम तीन बोटं.

५ जून
उद्यापासून रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे.

६ जून
व्यायाम सोमवारी सुरू केलेला अंगी लागतो.

९ जून
सोमवार आखणीत गेला. आज पाठीवर सॅक, सॅकमध्ये जुने शब्दकोश, आणि आपल्याच बिल्डिंगचे जिने. तिसऱ्या मजल्यावर अंदाज घेत जरा थांबलो. तिथल्या काकूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी फोन करू का विचारलं. लोकांना ट्रेनिंग कळत नाही.

१२ जून
नवे बूट ऑफिसात घालून गेलो. पायात मुरावे लागतात. माझी चाल बघून साहेबांनी विचारलं, ऑपरेशन कधी झालं?

१६ जून, संध्याकाळ
हॉलमध्ये तंबूची रंगीत तालीम. दीड तास. तंबूत दोष आहे. आमची ही हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आली. नर्स, म्हणजे दिवसभर उभीच. खांद्यावरची पर्सही न काढता तिने तो दहा मिनिटांत उभा केला. माझ्या सूचना होत्याच. फार दमलो. आत शिरून पडलो. बरा आहे तंबू.

२० जून
लेकीने विचारलं, परवान्याचा फॉर्म भरलास का? तळ्यावर रोज मोजकेच लोक सोडतात म्हणे. भरतोच आहे. त्यात एक प्रश्न आहे: अलीकडे एका दिवसात जास्तीत जास्त किती चाललात? मी खोटं लिहीत नाही. म्हणून रकाना रिकामा. रकाना रिकामा म्हणून फॉर्म टेबलावर.

२६ जून
लेकीने मंगळवारपर्यंत वाट पाहिली, मग स्वतःच परवाना काढला. दोनच जागा उरल्या होत्या. म्हणाली, तू आणि आई जा, मी राहते. मी म्हटलं, छे, खाली संपर्कासाठी कुणीतरी लागतंच. मोहिमेचा नियम असतो. तिने परवाना घडी घालून ठेवला. मग म्हणाली, बाबा, जमत नाही म्हणाला असतास तर कुठेही गेलो असतो आपण. तळंच हवं होतं असं नाही.
जमत नाही असं कुणी म्हटलं?

३ जुलै, पहाटे
दोघी निघाल्या. वाट लाल पेनाने आखून दिली. वर फोन लागत नाही, त्यामुळे संपर्काचं काम हलकं आहे. झोपतो.

५ जुलै
आल्या परत. नाकं उन्हाने सोललेली, केसांत काटक्या. लाल वाट सरळ दरीत उतरत होती म्हणे. छपाई जुनी असणार. जेवताना मध्येच एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. काय झालं, विचारलं. ही म्हणाली, काही नाही हो, तिथलं तिथेच.

११ जुलै
लेक गेली. स्टेशनवर तिची बॅग उचलायला वाकलो, तर म्हणाली, राहू दे बाबा, आणि एका हाताने उचलून आत ठेवली. गाडी हलताना तिने खिडकीतून आईला कसलीशी खूण केली. दोघी पुन्हा हसल्या, हिला डोळे पुसावे लागेपर्यंत. मीही हसलो. मोठ्याने. कशावर ते माहीत नाही.