आई बुडाल्या नव्हत्या, त्याबद्दल

साखरा, ता. सेनगाव,
जि. हिंगोली
रविवार, दुपार

आदरणीय विशाखाताई यांस,
शीतलचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे आईसुद्धा. आत्ता त्या ओसरीत बसून शेंगा फोडत आहेत आणि फोडलेल्यातल्या निम्म्या खात आहेत, इतक्या खुशाल आहेत. हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिलं, कारण जनकाबाईंनी तुम्हाला जे सांगितलं ते ऐकून तुमचं काय झालं असेल याची मला कल्पना आहे. दाजींच्या कंबरेचा पट्टा सुटला का? लेकरांच्या शाळा सुरू झाल्या असतील. तुमची लाल गाय व्यायली का, हे आई रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही, कारण आई सुखरूप परत आल्याचा निरोप पोचल्यावरही तुम्ही फोन उचलत नाही. नऊ दिवस झाले. म्हणून हे पत्र. (गोरेगावच्या पोस्टात मी पाकीट मागितलं तर तिथल्या माणसानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खणात पाहिलं, मग म्हणाला, "कोर्टाचं काम हाय का?")

आता हैदराबादचं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीतच आहे, आईंना त्या तळ्यातला बुद्ध पाहायचा होता. आमच्या गल्लीतल्या कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हापासून वर्षभर त्यांचं तेच चाललं होतं. पाण्याच्या मधोमध एवढा मोठा दगडाचा बुद्ध उभा कसा राहिला, आणि माणसं तिथवर जातात कशी. यंदा सोयाबीनची खुरपणी वेळेत उरकली, तेव्हा तुमच्या भावानं ठरवलं की नेऊनच आणायचं. फक्त एक दिवस होता. गुरुवारी सकाळी काचीगुडा स्टेशनला उतरायचं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघायचं, कारण शुक्रवारी पीक विम्याची शेवटची तारीख आणि ह्यांचं ऑनलाइन सेंटर त्या दिवशी बंद ठेवणं म्हणजे अर्ध्या गोरेगावच्या शिव्या.

पण एवढ्या लांब जायचं आणि एकच गोष्ट पाहून यायची, हे ह्यांना पटेना. त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तक्ता केला. चारमिनार, सालारजंग म्युझियम, गोवळकोंडा, बिर्ला मंदिर आणि शेवटी बुद्ध. प्रत्येकासमोर पोचायची वेळ, निघायची वेळ आणि छोटा फोटो. वर तो कागद लॅमिनेशन करून घेतला. (लॅमिनेशन केलं की त्यात बदल करता येत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. बोलले नाही.) बुद्ध शेवटी का, असं आईंनी विचारलं तर म्हणाले, "आई, संध्याकाळी तिथं लायटिंग असते. आन् रूटबी तसाच बसतो." आई म्हणाल्या, "बरं."

काचीगुड्याला उतरल्यापासून आईंचा एकच प्रश्न. चहा आणि उस्मानिया बिस्कीट खाऊन झालं, आता बुद्ध का? न्हाई, आता चारमिनार. चारमिनारला आम्ही अकरा मिनिटं होतो. त्यातली सात मिनिटं रस्त्याच्या मधोमध फोटो काढण्यात गेली. आई बाजूच्या गल्लीत बांगड्यांपाशी थांबल्या, एक जोड हातात घेतला, तोवर ह्यांनी हाक मारली, "आई, चल." त्यांनी जोड खाली ठेवला.

तिथून पुढं दिवसभरासाठी एक ऑटो ठरवला. चालवणारे खलीलभाई, साठीचे असतील, पांढरी दाढी. तुमच्या भावानं मोबाईलला मराठीत सांगायचं आणि मोबाईलनं त्यांना तेलुगूत, असा कारभार सुरू केला. दोन-तीनदा ऐकून ते म्हणाले, "साब, मेरेकू तेलगू कम आती." मग आईंनी पुढं वाकून सूत्रं हातात घेतली. "कां के अम्मा?" "हिंगोलीके." "अरे, वो तो अपने निजाम का मुलुख!" झालं. ते त्यांच्या दखनी हिंदीत आणि आई आपल्या मराठीत, असं दोघं जे बोलायला लागले ते थांबेचनात. सोयाबीनवरची अळी, त्यांच्या सुनेचं बाळंतपण, हिंगोलीची हळद, सगळं झालं. ह्यांचा मोबाईल मधूनच तेलुगूत काहीतरी बोलायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सालारजंगला खरी गडबड झाली. तिथं एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो, वाजले असतील तितके टोले देतो आणि आत जातो. समोर बाकं टाकलेली. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे तो नुकताच आत गेलेला. आई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, बाराला पाहूनच उठते, बाराला येतो तर बारा ठोके देतो. ह्यांनी तक्ता दाखवला. मग समजूत घातली, "आई, तो माणूस खोटा हाय." आई म्हणाल्या, "खोटा असला तरी वेळंवर येतो. तू खरा हायेस, तू कधी वेळंवर जेवायला आला का?" आसपासची माणसं हसली. हेपण हसले, पण तक्त्याकडे बघून. बारा ठोके झाल्यावर आईंना अजून थोडं बसायचं होतं, बाकीच्या खोल्याही बघायच्या होत्या. ह्यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. प्रेमानंच उठवलं, ताई. पण उठवलं.

गोवळकोंड्याला साडेतीनशेच्या वर पायऱ्या. आईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. ठरलं असं की आईंनी खाली लिंबाच्या सावलीत दगडावर बसायचं आणि आम्ही दोघांनी वर जाऊन यायचं. त्या किल्ल्याची गंमत अशी की खालच्या दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली तर पार वर टोकाला ऐकू येते. ह्यांनी ते आईंना समजावून सांगितलं आणि म्हणाले, काही लागलं तर टाळी वाजव. (आईंचा मोबाईल ह्यांच्या बॅगेत चार्जिंगला लावलेला होता, आणि तक्ता आईंच्या पिशवीत ठेवलेला होता.) मग हे तिकिटं काढायला गेले, आणि आम्ही चढायला लागलो. नेमकी त्या दिवशी कुठल्यातरी शाळेची सहल आलेली. दोनशे लेकरं खाली घुमटाखाली टाळ्या वाजवत होती. वर पोचल्यावर प्रत्येक टाळीला तुमचे भाऊ कठड्याकडे धावायचे, "ही आईची हाय!" मी म्हणायचे, न्हाई हो. परत टाळी, परत धावणं. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

खाली आलो तर दगडावर आई नाहीत. पिशवी नाही, तक्ताही नाही. खलीलभाईंचा ऑटोही कुठं दिसेना.

ताई, पुढचे दोन तास मला नीट सांगता यायचे नाहीत. हे आधी चालत होते, मग पळायला लागले. शेंगदाणेवाल्याला विचारलं, तिकीटवाल्याला विचारलं, चौकीतल्या पोलिसाला आईंचं वर्णन सांगितलं. हिरवं लुगडं, हातात निळी पिशवी, उंची एवढी. उंची सांगताना त्यांनी आपल्या खांद्यापाशी हात धरला आणि तो हात तसाच राहिला. मला तर तोंडातून शब्दच फुटत नव्हता. इतक्यात ह्यांचा फोन वाजला. गोरेगावहून, दुकानाशेजारचा हॉटेलवाला सोमेश्वर. सेंटरचा फोन ह्यांनी त्याच्याजवळ ठेवला होता. तो म्हणाला, "आयुष, हैदराबादवरून एका माणसाचा फोन आल्ता. हिंदी बोलून राहिला होता. काकू पाण्यात हाय म्हणते."

हे रस्त्यावर खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. मी फोन घेतला आणि ओरडले, "सोमेश्वर, नीट आठवा, काय काय शब्द बोलला तो?" तो म्हणाला, पानी म्हणाला, बैठे म्हणाला, फिकर नक्को म्हणाला, आन् बुद्धाचं कायतरी म्हणाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झालं होतं असं: खलीलभाईंनी आईंना तळ्यावर नेलं होतं. तिथं एका टपरीवर त्यांनी आपला बंद पडलेला मोबाईल चार्ज केला आणि तक्त्याच्या तळाशी सेंटरचा नंबर छापला होता तो लावला. (सेंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर तो नंबर येतोच, मयताच्या दाखल्याच्या अर्जावरसुद्धा.) अम्मा पाण्याच्या मधोमध बुद्धाजवळ बसल्यात, काळजी करू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सोमेश्वरनं ते आम्हाला सांगायच्या आधी तुमच्या हट्ट्याला त्याच्या मावशीला, म्हणजे जनकाबाईंना सांगितलं, कारण त्यांचा नंबर आधी लागला. जनकाबाई तुमच्या दारात पोचेपर्यंत आई बुडाल्या होत्या.

दुसऱ्या ऑटोनं आम्ही तळ्यावर गेलो. मी वाटेत शंभरदा सांगितलं की त्या ठीक आहेत, पण ह्यांचा विश्वास बसला नाही. होडीतही ते उभेच होते, होडीवाल्यानं दोनदा खाली बसवलं. (बिर्ला मंदिर लांब डोंगरावर पांढरं दिसत होतं. मी दाखवलं. ह्यांनी पाहिलं नाही.) आणि मग तो बुद्ध, ताई. एकच दगड, मान मागे टाकली तरी संपत नाही. आणि त्याच्या पायाशी कट्ट्यावर, चप्पल काढून शेजारी नीट जोडून ठेवलेली, आपल्या आई.

ह्यांनी जाऊन आधी त्यांचा पदर हातात धरला. कोरडा आहे की ओला ते बघत होते. मग म्हणाले, "न सांगता काहून गेली?" आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या मनानं गेले. शीतलला इचारलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं." मग वर बुद्धाकडे बघत म्हणाल्या, "दिवसभर जिथं माझा डोळा लागला तिथून तू मला उठवून राहिला. इथं आले तर ह्यानं हात वर केलेला. म्हणलं हा एकटाच मला थांब म्हणून राहिला. मंग थांबले."

तुमच्या भावानं घड्याळ पाहिलं. गाडीला दीड तास होता, निघायला हवं होतं. त्यांनी बूट काढले आणि आईंच्या शेजारी बसले. दिवे लागले, होड्या आल्या, गेल्या. शेवटच्या होडीचा भोंगा झाला तेव्हा आईच म्हणाल्या, "चला, झालं माझं." गाडी अर्थातच चुकली. दुसऱ्या दिवशी नांदेडवरून बसनं आलो, शेवटच्या तारखेला सेंटर बंद राहिलं आणि वीस-पंचवीस माणसांना फॉर्म भरायला सेनगावला जावं लागलं. ती माणसं अजून ह्यांना ऐकवतात. त्याबद्दल ह्यांनी आईंपुढं एक शब्द काढलेला नाही.

तेव्हा ताई, रागवायचं ते रागवा, पण ह्यांनी आईंना टाकून दिलं असं मनात आणू नका. दाजींना जयभीम, लेकरांना खूप खूप प्रेम.

तुमची भावजय,
शीतल

ता. क. एवढं लिहून पाकीट बंद करणार होते, पण हात होईना. ताई, आई त्यांच्या मनानं गेल्या नाहीत. हे तिकिटाच्या रांगेत होते तेव्हा आईंनी मला विचारलं, "दोन तास इथंच बसू का? खलीलभाई बुद्धाकडं नेतो म्हणते." चौदा वर्षांत आईंनी माझ्याकडे काय मागितलंय, तर सुईत दोरा ओवून दे. मी म्हटलं, जा. मीच त्यांना ऑटोत बसवलं आणि खलीलभाईंचा नंबर घेतला. वर गेल्यावर ह्यांना सांगायचं ठरवलं होतं. पण हे प्रत्येक टाळीला धावत होते, त्या धावपळीत तोंड उघडेना. गुपचूप फोन लावला तर खलीलभाईंचा बंद. खाली आल्यावर तर मला खरंच वाटायला लागलं की मी आईंना घालवलं. आईंनी तळ्यावर सगळं स्वतःवर घेतलं आणि नंतर मला एवढंच म्हणाल्या, "तू गप ऱ्हाय." तुमचा राग ह्यांच्यावर आहे, तो माझ्यावर काढा. फक्त ह्यांना कळू देऊ नका, आणि वाचून झालं की पत्र फाडून टाका.

ता. क. दुसरा. खरं काम हे. माझा फोन उचलू नका, ह्यांचाही नका उचलू. पण संध्याकाळी सातला येतो तो आईंचा असतो. रिंग संपेपर्यंत त्या कानाला धरून बसतात, मग "कामात असंल" म्हणतात आणि मोबाईल पालथा ठेवतात. त्यांना तुम्हाला तो बुद्ध सांगायचा आहे. आम्हाला सांगून झाला, आम्ही पाहिलेला आहे, आमच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही.

ता. क. तिसरा. पत्र फाडायची गरज राहिली नाही. हे आत्ता जेवायला आले, पाकीट जाड बघून म्हणाले, काय एवढं लिहून राहिली, आणि मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ताट सरकवतील. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "आधी सांगायचं ना गं. मला कुठं चढायचं होतं? दम लागून राहिला होता. म्हणलं, तुला वरून पाहायचं असंल." आता त्यांना कसं सांगू, ताई, की मला उंचावर गरगरतं, आणि फोन लावायचा तेवढा वेळ सोडला तर मी वर भिंतीला धरून डोळे मिटून उभी होते.