तमाराबाईंचा हॅव

८ एप्रिल, मंगळवार

आली एकदाची विद्यार्थिनी! खालच्या मजल्यावरच्या तमाराबाई. वय एकसष्ट, गाव रिगा, भाषा रशियन. मुलगी इथं डेल्फ्टला, जावई डच, घरात सगळे इंग्रजी बोलतात आणि ह्या मधे मुक्या बसतात. समतानंच जमवून दिलं. "बाबा, दोन महिने नुसते खिडकीतून सायकली मोजणार का? त्यांना शिकवा की!" पोरीला माहीत आहे, पस्तीस वर्षं नांदेडला इंग्रजी शिकवलेला बाप रिकामा बसला की आजारी पडतो.

तमाराबाईंचा गुडघा दुखतो. नऊ मेला डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. दरवेळी मुलगी सोबत जाते, तीच बोलते. ह्यावेळी त्यांना एकटीनं जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचंय. म्हटलं, एक महिना पुष्कळ झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी तास.

पहिल्याच वाक्याला गाडी अडली. "अ‍ॅट मी इज पेन." मी म्हणालो, "आय हॅव पेन." त्या म्हणाल्या, "येस. अ‍ॅट मी."

आमच्या हिनं, कांतानं, चहा दिला आणि मटार सोलायला बसली.

११ एप्रिल, शुक्रवार

आज मलाच शिकायला मिळालं. रशियनमध्ये रोजच्या बोलण्यात "हॅव" नाहीच म्हणे! 'माझ्यापाशी मुलगी आहे, माझ्यापाशी ताप आहे, माझ्यापाशी वेळ नाही' — असं बोलतात. मी हसलो. मग हसता हसता थांबलो. अरे, आपल्याकडे तरी कुठं आहे? मला मुलगी आहे. माझ्याकडे छत्री आहे. माझ्यात दम नाही. तीन तऱ्हा, आणि इंग्रज सगळं एकाच पोत्यात कोंबतो! पस्तीस वर्षं शिकवलं, हजारो पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, पण ती पोरं का अडखळतात हे कधी डोक्यात आलं नाही.

तमाराबाईंना "आय हॅव ब्रेकफास्ट" सांगितलं तर विचारतात, "वेअर? इन बॅग?" मग "आय हॅव टु गो" वर तर भांडायलाच उठल्या. खूप हसलो दोघंही. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, तमाराबाई. व्हेरी गुड. स्लोली."

कांता मान खाली घालून मटारच सोलत होती. मग म्हणाली, "अहो, तास झाला ना? जा, कालव्यावर चक्कर मारून या. पाय मोकळे होतील."

१२ एप्रिल

गार वारा. तरी कांतानं फिरायला धाडलंच. हिला माझ्या तब्येतीची भारी काळजी.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. संध्याकाळी इथल्या आपल्या लोकांनी हॉल भाड्यानं घेतला होता. साठेक माणसं, निम्मे संगणकवाले, काही समतासारखे संशोधनातले. वंदना झाली, मुलांनी भाषणं केली, खीर उत्तम. दोन-चार डच पाहुणे होते म्हणून सगळ्यांनी इंग्रजीत आपापली ओळख करून द्यायची ठरलं. माझी झक्क झाली. टाळ्या पडल्या.

कांताची पाळी आली. उठली. पदर सारखा केला. माझ्याकडे एकदा बघितलं. "जय भीम," म्हणाली, आणि बसली.

मी लगेच उठून सावरून घेतलं. "माय वाइफ. शी इज अ लिटल शाय."

घरात शिरल्यावर समता फुटली. "आई शाय नाही, बाबा. आई नांदेडच्या विहारात शंभर बायकांपुढं बोलते. तमाराकाकूंना तुम्ही व्हेरी गुड, व्हेरी गुड करता. आईला कधी म्हणालात?"

मी म्हणालो, "तिनं कधी बोलून दाखवलं तर म्हणेन ना!"

लोकेशरावांनी विषय बदलला. जावई गुणी आहे.

१५ एप्रिल

झोप नीट नाही. समताचं बरोबर आहे. कांतानं बोलून दाखवलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचणार आहे?

एक्क्याण्णव साल. मुख्याध्यापकांच्या निरोपाचं जेवण. शिक्षणाधिकारी सपत्नीक आलेले, त्यांच्या बाई मुंबईच्या. त्यांनी कांताला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. नाही बघितलं! सरळ म्हणाली, "आय हॅव टू चिल्ड्रन्स. वन गर्ल, वन बॉय." आठ महिने माझ्याच जुन्या पुस्तकातून शिकत होती. आवाज चांगला खणखणीत.

आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चिल्ड्रन! चिल्ड्रन्स काय? घरी इंग्रजीचा मास्तर ठेवून हा उजेड!" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण मी त्याचा किस्सा केला. स्टाफरूममध्ये सांगितला, पाहुण्यांत सांगितला, सोयरिकीत सांगितला. पोरांविषयी कुणी विचारलं की मी म्हणायचो, "आमचे चिल्ड्रन्स मजेत!" कांता चहाचे कप ठेवत असायची. तिनंही हसावं अशी माझी अपेक्षा असायची. ती हसायचीही.

असा का वागलो? कॉलेजात माझा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला होता, हसायला. आमच्या वस्तीतून इंग्रजी घेऊन बी.ए. करणारा मी पहिला. एकेका स्पेलिंगसाठी रक्त आटवलं. तेव्हाच ठरवलं, आपल्या घरातल्या कुणाला पुन्हा कुणी हसणार नाही. म्हणून दुसऱ्यानं हसायच्या आत मीच हसायला लागलो. वा रे हुशारी!

त्या दिवसानंतर कांताच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य ऐकलं नाही. चौतीस वर्षं झाली. आणि आता ही सहा वर्षांची नात. जुईला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. आजी मराठीत विचारते, नात इंग्रजीत सांगते, आजी मान हलवते. एवढ्या लांब येऊन आजीनं नुसती मान हलवायची! हे माझं पाप आहे. सरळ शब्दांत, माझं.

२२ एप्रिल, मंगळवार

तास. "आय हॅव नॉट टाइम." मी दुरुस्त केलं, पण आवाज आपोआप खाली आला. कांता आत निघून गेली होती.

२६ एप्रिल, शनिवार

राजाचा वाढदिवस. सगळं गाव नारिंगी! लहान पोरं रस्त्यावर चादर टाकून जुनी खेळणी विकतात — तशी चालच आहे. जुईनंही दुकान मांडलं. कांता आणि तमाराबाई दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसल्या. मला कांतानं गर्दी बघायला पिटाळलं.

परत येताना लांबून बघितलं तर दुकान जोरात. एक डच बाई जुईची बाहुली हातात घेऊन उभी, आणि कांता हातवारे करकरून काहीतरी सांगतेय. ती बाई खदखदून हसतेय. मी जवळ गेलो तोवर सौदा झाला होता आणि कांता चादरीची घडी सारखी करत होती. तमाराबाई बडबड्या आहेत, त्यांनीच पटवलं असणार. कांताचे हात मात्र छान चालले होते. हातांना व्याकरण लागत नाही, हे एक बरं.

२ मे, शुक्रवार

धीर करून विचारलं. तमाराबाई गेल्यावर म्हटलं, "कांता, तुलाही शिकवू का? जुईशी बोलता येईल. अगदी सावकाश, हॅवपासून."

"मला?" चाळणीतले तांदूळ तसेच धरून म्हणाली. "माझं काय अडलंय?"

"मी काही बोलणार नाही चुकलं तरी."

"तुम्ही?" म्हणाली, आणि खरंच हसली. मग तांदूळ धुवायला गेली. दाराबाहेर जोडे घालताना ऐकलं, जुई "आजी, कम!" म्हणून ओरडत होती. मी रोजच्यासारखा कालव्यावर. एक बदक आता ओळखतं मला.

९ मे, शुक्रवार

तमाराबाई डॉक्टरकडे जाऊन आल्या. एकट्या! वर येऊन आधी कांताला मिठी मारली, मग माझा हात हातात घेतला. महिनाभर मी वीस वाक्यं घोटून घेतली होती. एक तरी वापरलं का? म्हणाल्या, "नो. आय फर्गेट ऑल. आय से, डॉक्टर, अ‍ॅट मी पेन, हिअर, नाइट, व्हेरी." डॉक्टरांना सगळं कळलं. गुडघा दाबून बघितला, व्यायामाचा कागद दिला, पाठीवर थाप मारली.

एका चुकीनं आभाळ कोसळलं नाही. डेल्फ्टमध्ये नाही कोसळलं, म्हणजे नांदेडमध्येही कोसळलं नसतं.

१० मे, शनिवार

आज बोललो. कांता कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "कांता, ते एक्क्याण्णवचं. मुख्याध्यापकांच्या निरोपाचं जेवण. मी चुकलो. फार चुकलो."

तिनं जुईचा मोजा हातात धरला, त्याची जोडी शोधली, मिळाली नाही. "चौतीस वर्षांनी?" म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान भांडलो असतो. "झालं गेलं. ऊन आहे, जा, चक्कर मारून या."

गेलो. रडलो थोडा. इथं कालव्याकाठी म्हाताऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही.

१६ मे, शुक्रवार

बाविसाव्या तारखेची आमची दोघांची तिकिटं. जेवताना कांता एकदम म्हणाली, "माझं तिकीट पुढं ढकला. बारा जूनला जुईचा वाढदिवस आहे, तो करून येते. व्हिसा आहे की बावीस जूनपर्यंत."

मी म्हणालो, "चालेल की! मीही थांबतो."

"नको. तुम्ही पुढं व्हा. कुंड्या वाळल्या असतील."

कुंड्या! चार कोरफडी आणि एक तुळस. दत्ता, माझा धाकटा भाऊ, रोज पाणी घालतो तिथं. मी समताकडे बघितलं, ती ताटातल्या भेंडीकडे बघत होती. लोकेशरावांनी ह्यावेळी विषयसुद्धा बदलला नाही.

बेचाळीस वर्षांच्या संसारात ही पहिल्यांदा मला जा म्हणाली. माझी माफी तिला पोचलीच नाही की काय? फार लागलं.

२० मे, मंगळवार

तमाराबाईंचा शेवटचा तास. त्यांनी स्वतः विणलेला मफलर दिला, नांदेडच्या मे महिन्यात! म्हणाल्या, "यू हॅव गुड वाइफ." चूक काढली नाही. काढण्यासारखी फार नव्हतीही.

२१ मे, बुधवार

बॅग भरली. दोन दिवस बसून कांतासाठी चाळीस कार्डं केली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, खाली उच्चार देवनागरीत. मला नात आहे. मला भूक लागली आहे. माझ्याकडे गोष्ट आहे. सगळी जुईशी बोलायच्या कामाची. पाकिटावर लिहिलं, "कांतासाठी. चुकलं तरी चालेल." उद्या निघताना तिच्या साड्यांच्या घडीखाली ठेवतो. समोर शिकत नाही, निदान माझ्यामागे शिकेल. एवढं तरी भरून निघू दे.

२२ मे, गुरुवार. स्किफोल विमानतळ

सोडायला लोकेशराव आणि जुईच; कांता-समतानं घरूनच निरोप दिला. लोकेशराव ट्रॉली आणायला गेले तेव्हा जुई माझ्या कानाशी आली. "आजोबा, नाऊ आजी कॅन टॉक ऑल डे!"

मला वाटलं, मीच चुकीचं समजलो. पुन्हा विचारलं. पोरीनं आनंदानं सगळं सांगितलं. आजोबा फिरायला गेले की आजी इंग्रजीत गोष्टी सांगते. रोज. चिमणीची, वाघाची, नांदेडच्या शाळेची. तमारा आजीशी पण बोलते. नांदेडहून फोनवर पण बोलायची, मी दूध आणायला जायचो तेव्हा. फक्त आजोबा आले की थांबायचं, असा नियम आहे. "बिकॉज यू आर अ टीचर," म्हणाली, आणि माझ्या गालाचा पापा घेतला.

म्हणजे कांताचं इंग्रजी सगळ्यांनी ऐकलंय. मी सोडून.

गेटवरून समताला फोन लावला. म्हटलं, आईच्या साड्यांखाली एक पाकीट आहे, तिच्या हाती लागायच्या आत काढून घे.

"तिनं उघडलं, बाबा. सगळी कार्डं वाचली. म्हणाली, तमाराला उपयोगी पडतील."